बाथरूमच्या पंख्याची वाफ वळचणीतून बाहेर काढताना: आधी तोंड, मग वाट, शेवटी पंखा

देशात बाथरूमचा एक्झॉस्ट म्हणजे भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातलं एक भोक. त्यात पंखा बसवला, की पलीकडे मोकळी हवा. अमेरिकेत किंवा कॅनडात लाकडी घर घेतलेला मराठी माणूस हाच हिशोब डोक्यात ठेवून कामाला लागतो आणि तिथेच गडबड होते. इथे पंखा छतात असतो आणि त्याच्या डोक्यावर आभाळ नसतं, ॲटिक असतं, म्हणजे खोलीचं छत आणि घराचं छप्पर यांच्यामधली पोकळी. पंख्याने ओढलेली वाफ ॲटिक ओलांडून घराबाहेर पोचवणं हे खरं काम. पंखा बदलणं हा त्यातला सोपा भाग.

ॲटिकमधून बाहेर जायचे तीन रस्ते आहेत: छपरातून वर, घराच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीतून आडवं, किंवा वळचणीच्या खालच्या पट्टीतून, म्हणजे सॉफिटमधून, खाली. हा लेख तिसऱ्या रस्त्याबद्दल आहे. तो लोकप्रिय आहे, कारण छपराच्या शिंगल्सना भोक पाडावं लागत नाही आणि काम शिडीच्या उंचीवर होतं. सगळ्यात जास्त चुकतोही हाच.

चुका साधारण तीन प्रकारच्या. पहिली: डक्ट, म्हणजे हवा नेणारी नळी, ॲटिकमध्येच सोडून द्यायचा. दुसरी: डक्टचं टोक सॉफिटच्या जाळीजवळ नेऊन ठेवायचं आणि ‘जाईल बाहेर’ म्हणायचं. तिसरी चूक पटकन लक्षात येत नाही: डक्ट सॉफिटमधून नीट बाहेर काढलेला असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंचं सॉफिट सच्छिद्र असतं. सॉफिटच्या छिद्रांतून ॲटिक हवा आत ओढतं आणि आढ्याजवळच्या व्हेंटमधून बाहेर टाकतं. ती बांधणीच तशी असते. बाहेर सोडलेली गरम ओली हवा वर चढते आणि शेजारच्या छिद्रांतून पुन्हा आत ओढली जाते. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. वळचणीतली वाफ मात्र हमखास जाते.

मग हिवाळ्यात ती छपराच्या आतल्या थंड प्लायवुडवर आणि खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर गोठते. ऊन पडलं की वितळून ठिबकते. बेडरूमच्या छतावर पिवळा डाग दिसतो, लोक रूफरला बोलावतात, आणि तो बिचारा शिंगल्समध्ये भोक शोधत बसतो.

अमेरिकेत बहुतेक राज्यांनी कमी-अधिक फरकाने स्वीकारलेला निवासी बांधकामाचा आंतरराष्ट्रीय कोड, म्हणजे आयआरसी, इथे स्पष्ट आहे: बाथरूमची हवा थेट घराबाहेर गेली पाहिजे, ॲटिकमध्ये किंवा घराखालच्या पोकळीत सोडता येत नाही. सॉफिटची जाळी म्हणजे ‘बाहेर’ नव्हे.

म्हणून कामाचा क्रम उलटा धरा. दुकानातून पंखा आणून सुरुवात करू नका. आधी बाहेरचं तोंड कुठे असेल ते ठरवा, मग तिथवरची वाट मोजा, आणि त्या वाटेला झेपेल असा पंखा घ्या.

टप्पा १: वळचण हा रस्ता तुमच्या घराला चालतो का?

टॉर्च आणि टेप घेऊन ॲटिकमध्ये जा आणि बाथरूमवरून बाहेरच्या भिंतीकडे, जिथे छप्पर उतरत येतं तिथवर, बघा. बाहेरच्या भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड आणि छपराच्या प्लायवुडची खालची बाजू यांच्यात किती उंची आहे? चार इंची डक्टवर इन्सुलेशन चढलं की त्याला सहा-सात इंच तरी लागतात. उतार कमी असलेल्या छपरात तिथे तीन-साडेतीन इंचच उरतात. अशा ठिकाणी डक्ट कोंबून चपटा करणाऱ्यांची कमी नाही. पंख्याचा निम्मा जोर तिथेच मरतो. जागा नसेल तर वळचणीचा नाद सोडा आणि बाजूच्या भिंतीतून किंवा छपरातून काढा.

थंडी फार असलेल्या भागात, आणि छपरातून काढायची सोय असेल तर, माझं मत छपराच्या बाजूने आहे. वर गेलेली वाफ परत यायचा प्रश्नच येत नाही. वळचण निवडायची ती रस्ता अगदी जवळचा असेल, छप्पर नवं असेल आणि त्याला हात लावायचा नसेल, किंवा छपराचा उतार चढण्याजोगा नसेल तेव्हा.

दोन फोन आधीच करा. एक गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला: सॉफिटमधून काढायला परवानगी आहे का, परमिट लागतं का. प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं असू शकतं. दुसरा, टाउनहाउस किंवा कॉन्डो असेल तर, सोसायटीला. तिथे बाहेरची वळचण बऱ्याचदा तुमच्या मालकीची नसते, आणि शेजारच्या घराला लागून असलेल्या भागात आगीच्या नियमांमुळे भोक पाडायलाच मनाई असू शकते.

टप्पा २: बाहेरची जागा नक्की करा

आता अंगणात उभं राहून वर बघा. आयआरसीप्रमाणे एक्झॉस्टचं तोंड हद्दीपासून आणि घराच्या खिडक्या-दारांपासून निदान ३ फूट, आणि यंत्राने हवा आत ओढणाऱ्या तोंडापासून निदान १० फूट लांब हवं. यंत्राने ओढणारं म्हणजे एचआरव्हीचं (घरातली ऊब राखून ताजी हवा आत घेणाऱ्या यंत्राचं) वगैरे. बाथरूमचीच खिडकी बरोबर खाली असते आणि लोक नेमकं तिच्यावर भोक पाडतात, तेवढं सांभाळा.

नियमात सगळीकडे सापडणार नाही, पण डोक्यात ठेवायची गोष्ट: हिवाळ्यात या तोंडातून पाणी ठिबकतं आणि खाली गोठतं. म्हणून पायऱ्या, ड्राइव्हवे आणि पुढच्या दाराकडे येणारी वाट यांच्या वर तोंड काढू नका.

जागा पसंत पडली की आतली आणि बाहेरची जुळवणी करा. दोन राफ्टरच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिरक्या लाकडांच्या, मध्ये साधारण १६ किंवा २४ इंचांचं अंतर असतं. त्या गाळ्याच्या मधोमध ॲटिकमधून लांब, बारीक ड्रिल बिट सॉफिटच्या आरपार खाली सोडा. बाहेरच्या माणसाला ते दिसलं की खूण पक्की. नुसत्या मोजमापावर विसंबून बाहेरून भोक पाडलं, तर ते राफ्टरखाली निघण्याची शक्यता भरपूर.

तपासणी: खुणेपासून बाथरूमच्या पंख्यापर्यंतचं अंतर आणि वळणं मोजून कागदावर लिहा. पुढच्या टप्प्यात हाच कागद लागणार.

टप्पा ३: पंखा किती, डक्ट किती जाड

१०० चौरस फुटांपर्यंतच्या बाथरूमला साधा नियम: दर चौरस फुटाला १ सीएफएम (मिनिटाला एक घनफूट हवा), आणि कमीत कमी ५०. म्हणजे ८ बाय १० च्या बाथरूमला ८०. त्याहून मोठ्या बाथरूमला वस्तू मोजायच्या: कमोडला ५०, शॉवरला ५०, टबला ५०, जेटवाल्या टबला १००.

आता जिथे बहुतेकांचा हिशोब फसतो ते. खोक्यावर ठळक छापलेला सीएफएम हा ०.१ इंच (पाण्याच्या उंचीत मोजलेल्या) दाबाला मोजलेला असतो, म्हणजे जवळजवळ मोकळ्या हवेत. खऱ्या डक्टमध्ये विरोध जास्त असतो. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बारीक अक्षरात ०.२५ इंच दाबाचा आकडाही दिलेला असतो. तो बघून निवडा.

आणि डक्ट. आयआरसीच्या तक्त्याप्रमाणे ८० सीएफएमच्या पंख्याला ४ इंची फ्लेक्स, म्हणजे लवचीक, डक्ट किती लांब चालतो? फक्त ४ फूट. तोच ४ इंची डक्ट गुळगुळीत पत्र्याचा असेल तर ३१ फूट. आणि प्रत्येक एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, १५ फूट वजा करायचे. समजा, तुमची वाट १२ फुटांची आहे आणि शेवटी एक वळण. पत्र्याच्या डक्टमध्ये ३१ वजा १५, म्हणजे १६ फुटांपर्यंत चालतं, काम होतं. दोन एल्बो आले की हिशोब १ फुटावर येतो. तेच ६ इंची डक्टमध्ये ८० सीएफएमला फ्लेक्ससुद्धा दीडशे फुटांच्या पुढे चालतो. म्हणून पंख्याचं तोंड ६ इंची असेल आणि वळचणीत जागा असेल, तर ६ इंचीच टाका. पंख्याचं तोंड ६ इंची असताना ‘सामान ४ इंची मिळालं’ म्हणून रिड्यूसर (माप लहान करणारा जोड) लावणं म्हणजे महागडा पंखा घेऊन त्याचा गळा दाबणं.

आवाजाचा आकडा सोनमध्ये असतो. १ च्या आसपास किंवा खाली घ्या. घरातली माणसं आवाज करणारा पंखा लावतच नाहीत. मग बाकीची मेहनत कुणासाठी?

टप्पा ४: सामान

सॉफिटसाठी बनवलेलं तोंडच घ्या. त्याला वर डक्ट जोडायची कॉलर असते, आत उघडझाप करणारी झडप असते आणि हवा भिंतीपासून लांब फेकणारी तिरकी पट्टी असते. बाजूच्या भिंतीसाठीचं हूड सॉफिटला उलटं लावू नका: त्याची झडप गुरुत्वाकर्षणाने बंद होते, आणि खाली तोंड करून टांगली की कायम उघडीच राहते.

बाकीचं: गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याचे कडक पाइप, शेवटच्या वळणासाठी आर-६ किंवा आर-८ (उष्णता रोखण्याच्या क्षमतेचा आकडा) इन्सुलेशनचा फ्लेक्स डक्ट तीन-चार फूट, पत्र्याच्या पाइपवर चढवायचं इन्सुलेशन, यूएल १८१ छाप असलेली फॉइल टेप, स्क्रूने आवळायचे क्लॅम्प, टांगायची पट्टी, बाहेरच्या वापराचं सीलंट, प्लायवुडचा तुकडा, आणि छिद्रं नसलेल्या सॉफिट पॅनेलचे दोन-तीन तुकडे. हे शेवटचं सगळे विसरतात.

सावधान: दुकानात ‘डक्ट टेप’ म्हणून मिळणारी करड्या कापडाची टेप डक्टला लावू नका. ॲटिकच्या उन्हाळ्यात तिचा गोंद सुकतो आणि दोन-तीन वर्षांत जोड उघडे पडतात. ड्रायरसाठी म्हणून मिळणारी पांढऱ्या प्लॅस्टिकची किंवा पातळ फॉइलची ॲकॉर्डियनसारखी नळीही नको.

टप्पा ५: ॲटिकमध्ये शिरण्याआधी

इन्सुलेशन कसलं आहे ते बघा. राखाडी-सोनेरी, चकाकणारे, बारीक खड्यांसारखे दाणे असतील, तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून १९९० पर्यंत निघालेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं, आणि अमेरिकेत विकलेला बराचसा माल तिथलाच. तसं काही दिसलं तर हलवू नका, झाडू नका, काम थांबवा आणि ॲस्बेस्टॉसचं प्रशिक्षण असलेल्या माणसाला बोलवा. घर १९७८ च्या आधीचं असेल तर लाकडी सॉफिटच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. कापण्याआधी तपासणी करा.

पाय फक्त जॉइस्टवर, म्हणजे छताच्या आडव्या लाकडांवर. मधल्या ड्रायवॉलवर (छताच्या जिप्समच्या पातळ फळीवर) पाय पडला तर खालच्या खोलीत उतराल. प्लायवुडच्या दोन फळ्या जॉइस्टवर आडव्या टाकून गुडघ्यावर सरकत काम करा. डोक्यावर रूफिंगचे खिळे लोंबत असतात, म्हणून कडक टोपी. फायबरग्लाससाठी एन-९५ मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. उन्हाळ्यात हे काम पहाटेच करायचं. दुपारच्या ॲटिकमध्ये माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

शिडी गटारावर, म्हणजे पन्हळीवर, टेकवू नका. स्टँड-ऑफ (शिडी पन्हळीपासून लांब धरणारा आधार) लावून ती भिंतीला टेकवा. चार फूट उंचीमागे पाया एक फूट लांब. वीज कंपनीची तार घराला कुठून येते ते आधी बघून घ्या, कारण ती बऱ्याचदा वळचणीलाच लागलेली असते.

सावधान: जॉइस्ट, राफ्टर किंवा ट्रसचं लाकूड कुठेही कापायचं नाही. डक्ट वळवा, लाकूड राहू द्या.

टप्पा ६: सॉफिटला भोक

सॉफिट तीन प्रकारचं भेटतं. प्लायवुडचं असेल तर होलसॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) सरळ कापा. ॲल्युमिनियम किंवा व्हाइनल असेल तर त्याच्यावर जुनं लाकडी सॉफिट दडलेलं असू शकतं. दोन्ही कापावी लागतात. व्हाइनलवर होलसॉ उलट्या दिशेने फिरवा, म्हणजे दात अडकून तडा जात नाही. कडाक्याच्या थंडीत व्हाइनल काचेसारखं फुटतं, तेव्हा हे काम हिवाळ्यात काढू नका.

भोक कॉलरच्या बाहेरच्या मापापेक्षा पाव इंचच मोठं. ४ इंची कॉलरला सव्वाचार इंच.

व्हाइनल आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाचेत नुसत्या बसवलेल्या असतात; थंडी-उन्हात त्या आखडतात, पसरतात. तोंडाचं वजन त्यांच्यावर टाकलं तर एक-दोन हिवाळ्यांत ते लोंबायला लागतं. म्हणून पट्टी काढून आत राफ्टरच्या टोकांना किंवा आडव्या लाकडांना प्लायवुडचा तुकडा बसवा, त्याला तेच भोक पाडा, आणि तोंडाचे स्क्रू त्या प्लायवुडमध्ये जातील असं बघा.

या गाळ्यात हवेची वाट मोकळी ठेवण्यासाठी लावलेली फोमची किंवा पुठ्ठ्याची बॅफल असेल, तर तेवढ्या एका गाळ्यातली काढा. तिथलं सॉफिट पुढे बंदच करायचं आहे. शेजारच्या गाळ्यांतल्या बॅफलना हात लावू नका.

टप्पा ७: तोंड जोडणे (यातली युक्ती)

बहुतेक माणसं तोंड आधी बाहेरून स्क्रूने पक्कं करतात आणि मग ॲटिकमध्ये पोटावर पडून, हात पुरत नाही अशा सांदीत कॉलरवर डक्ट चढवायचा प्रयत्न करतात. डक्ट चढतो, पण क्लॅम्प बसत नाही. मग टेपचे दोन फेरे आणि ‘झालं’. वर्षभराने तो जोड सुटलेला सापडतो आणि वाफ राफ्टरच्या पोकळीत जात असते.

उलट करा. ॲटिकमधून फ्लेक्स डक्टचं टोक वळचणीत सरकवा. दुसऱ्या माणसाने शिडीवरून भोकातून हात घालून ते खाली ओढून घ्यावं. इन्सुलेशनसकट डक्ट सव्वाचार इंचांच्या भोकातून येणार नाही. बाहेरचं जॅकेट मागे सारून आतला तारेचा गाभा तेवढा बाहेर काढायचा. हातभर बाहेर आला की तो आरामात कॉलरवर चढवा, क्लॅम्प आवळा, वर फॉइल टेप. मग तोंड वर ढकला, ॲटिकमधल्या माणसाने त्याच वेळी डक्ट मागे ओढून घ्यावा, आणि जॅकेट पुन्हा प्लायवुडला टेकेल इतकं खाली सरकवावं. तोंडाच्या कडेच्या पट्टीखाली, म्हणजे फ्लॅंजखाली, सीलंट, मग स्क्रू. तिरकी पट्टी भिंतीकडे नाही, अंगणाकडे तोंड करून आहे ना, ते स्क्रू लावायच्या आधी बघा.

तपासणी: आतून डक्ट हलकेच ओढून बघा. कॉलरवरून सरकला तर क्लॅम्प ढिला आहे. झडप बोटाने उघडा आणि सोडा. स्वतःहून बंद झाली पाहिजे. स्क्रूचं टोक तिला अडकत असेल तर आत्ताच बदला.

टप्पा ८: शिडी लावलेली आहे तोवर शेजारची छिद्रं बंद करा

हा टप्पा गाळला तर आधीचं सगळं काम फुकट. तोंडाच्या दोन्ही बाजूंना निदान ३ फूट, जमलं तर ६ फूट, सॉफिट बंद असायला हवं. सच्छिद्र पट्ट्या काढून बिनछिद्रांच्या घाला. रंग जुळत नसेल तर आतल्या बाजूने, पट्टीवर, प्लायवुड किंवा फोमबोर्ड ठेवून कडा सीलंटने बंद करा; बाहेरून फरक दिसत नाही. नुसती टेप लावू नका, वर्षभरात सुटते.

‘मग ॲटिकला हवा कमी पडेल’ अशी शंका येते. लांबलचक वळचणीत बारा फूट बंद झाल्याने सहसा काही बिघडत नाही, मात्र बाकीच्या सॉफिटची छिद्रं खरंच मोकळी हवीत. अनेक घरांत ती आतून इन्सुलेशनने बुजलेली असतात. ॲटिकमध्ये आहातच, तर तीही बघून घ्या. घर लहान असेल आणि वळचण एकूणच आखूड असेल, तर मात्र हा रस्ताच चुकीचा निवडलाय, असं समजा.

टप्पा ९: मधली वाट

पत्र्याचे पाइप पंख्याकडून तोंडाकडे जोडत न्या. प्रत्येक पाइपचं एक टोक दुमडून बारीक केलेलं असतं. ते टोक हवा जाते त्या दिशेला, म्हणजे वळचणीकडे. प्रत्येक जोडाला तीन छोटे स्क्रू, आणि वर फॉइल टेपचा पूर्ण फेरा. टेप लावायच्या आधी पत्रा पुसा. धुळीवर लावलेली टेप धुळीलाच चिकटते.

उतार तोंडाकडे हवा, दर फुटाला पाव इंच. वाफेचं थोडं पाणी होणारच. उतार उलटा असेल तर ते पंख्यात येऊन मोटरवर किंवा तुमच्या डोक्यावर पडतं. डक्ट जॉइस्टना समांतर जात असेल तर दोन जॉइस्टच्या मधल्या गाळ्यात तो ठेवणं सगळ्यात उत्तम: वरून इन्सुलेशन टाकलं की तो उबदार राहतो आणि पाणी कमी धरतं. जॉइस्ट ओलांडून आडवा न्यायचा असेल, तर त्याला दर चार फुटांवर पट्टीने टांगा आणि वरून इन्सुलेशन चढवा. उघडा पत्रा थंड ॲटिकमध्ये कधीही सोडू नका.

शेवटच्या वळणाचा फ्लेक्स ताणून पूर्ण लांब करा आणि जास्तीचा कापून टाका. ‘राहू दे, पुढे लागेल’ म्हणून सैल सोडलेल्या फ्लेक्सला पोट पडतं. त्या पोटात पाणी साठतं, आणि हिवाळ्यात ते गोठून डक्ट बंदच होतो. वळण गोलसर ठेवा. चिमटा बसला की ४ इंचांचे २ इंच झाले.

दोन बाथरूमचे डक्ट एकाच पाइपात जोडायचा मोह होतो. नको. एका पंख्याची वाफ दुसऱ्या बाथरूममध्ये निघते. प्रत्येकाला स्वतःचं तोंड द्या.

टप्पा १०: आता पंखा

ब्रेकर बंद करा, आणि बंद केलाय यावर विश्वास न ठेवता टेस्टरने तारा तपासा. शॉवर किंवा टबच्या बरोबर वर पंखा येत असेल, तर तो त्या जागेसाठी मान्य असलेला हवा आणि कंपनीच्या सूचनेप्रमाणे जीएफसीआयच्या (गळती होताच वीज तोडणाऱ्या उपकरणाच्या) संरक्षणातल्या लाइनवर हवा. जुन्या पंख्याच्या जागी नवा जोडण्यापुरतं काम बऱ्याच गावांत घरमालकाला करता येतं. नवी लाइन ओढायची असेल किंवा खोक्यात ॲल्युमिनियमच्या तारा दिसल्या, तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

पंख्याच्या खोक्याचं तोंड वळचणीच्या दिशेला करून जॉइस्टला बसवा, म्हणजे तोंडातून निघाल्यानिघाल्या एल्बो लागत नाही. पहिले दोन-तीन फूट सरळ मिळाले तर पंखा शांत चालतो.

सावधान: बहुतेक पंख्यांच्या तोंडाची झडप कारखान्यातून टेप लावून बंद करून येते. ती टेप काढायची राहिली, तर पंखा फिरतो, आवाज येतो, हवा मात्र जात नाही. डक्ट जोडायच्या आधी बोट घालून झडप हलवून बघा.

खोका आणि ड्रायवॉल यांच्यातली फट सीलंटने पूर्ण बंद करा. ही फट राहिली, तर पंखा बंद असतानाही घरातली गरम ओली हवा तिथून ॲटिकमध्ये चढत राहते, आणि डक्ट कितीही चांगला असला तरी प्लायवुडवर दव दिसतंच. वरून इन्सुलेशन टाकण्याआधी पंख्यावरचं लेबल वाचा. इन्सुलेशनशी संपर्क चालतो असं लिहिलेलं असेल तरच टाका.

साध्या बटणाऐवजी टायमर लावा. आंघोळ संपल्यावर २० मिनिटं तरी पंखा चालायला हवा, आणि ऑफिसला पळणारा माणूस वीस मिनिटांनी येऊन बटण बंद करत नाही. हिवाळ्यात आई-बाबा देशातून राहायला आले की एकामागोमाग चार आंघोळी होतात, वर शॉवरच्या दांडीवर ओले कपडे. अशा घरात दमट हवा ओळखून आपोआप सुरू होणारा पंखा जास्त बरा.

टप्पा ११: चाचणी

आधी बाथरूमच्या दाराखाली बघा. पंख्याने हवा बाहेर टाकायची तर तितकीच आत यायला हवी. दाराखाली साधारण पाऊण इंच फट नसेल तर दार रंधून घ्या. जाड पायपुसणं दारात ठेवलं असेल तर फट असून नसल्यासारखीच.

दार लावून पंखा सुरू करा आणि टॉयलेट पेपरचा एक पदर जाळीजवळ धरा. तो चिकटून राहिला पाहिजे. पण एवढ्यावर थांबू नका. डक्ट ॲटिकमध्ये सुटलेला असला तरी कागद चिकटतोच. बाहेर जाऊन झडप उघडलेली आहे का बघा, तिथे हात धरा. मग ॲटिकमध्ये जाऊन प्रत्येक जोडावरून ओला हात फिरवा. हवा निसटत असेल तर गार लागते.

बाहेरची झडप अर्धवटच उघडत असेल तर कारणं या क्रमाने तपासा: पंख्याची टेप, फ्लेक्सचा चिमटा, वळचणीत चपटा झालेला डक्ट, दाराखालची फट. दहापैकी नऊ वेळा यातलंच काहीतरी असतं.

खरी परीक्षा पहिल्या कडक थंडीत. चार-पाच दिवस पारा शून्य सेल्सिअसच्या खाली राहिला की टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये जा आणि तोंडाच्या वरच्या गाळ्यातलं प्लायवुड आणि खिळ्यांची टोकं बघा. ती कोरडी असतील तर ठीक. तिथेच पांढरा थर असेल तर शेजारच्या सॉफिटमधून वाफ परत येते आहे, टप्पा ८ पुन्हा करा. थर सगळ्या ॲटिकभर असेल तर दोष तोंडाचा नाही. घरातली हवा दिव्यांच्या खोक्यांभोवतीच्या फटींतून किंवा ॲटिकच्या झाकणातून वर जाते आहे.

त्यानंतर वर्षातून एकदा, पानं पडायच्या सुमाराला, पंख्याची जाळी काढून धुवा आणि शिडी लावून बाहेरची झडप हलवून बघा. गांधीलमाश्यांना आणि चिमण्यांना ही जागा फार आवडते. त्या शिरू नयेत म्हणून काहीजण तोंडावर मच्छरदाणीची बारीक जाळी लावतात. ती पंख्याच्या धुळीने थोड्याच दिवसांत बुजते. जाळी लावायचीच असेल तर तिची भोकं पाव इंच ते अर्धा इंच असू द्या.